अंडी आणि जिलेटिन न घालता कॉफी-चॉकलेट मूस: मे महिन्यातल्या मुंबईत नीट कसे जमवावे?

पार्लेवासी

नमस्कार. पुढच्या पंधरवड्यात माझ्या सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणाला आम्ही घरचीच चौदा माणसे असू. सासऱ्यांना गोडाचे फारसे वेड नाही. बासुंदी किंवा श्रीखंड वाढले तर ते बोटभर चाखतात आणि वाटी नातवाकडे सरकवतात. कॉफी मात्र त्यांच्या जिवाभावाची आहे, आणि मागच्या वर्षी नणंदेकडे कॉफीच्या चवीचे कडवट चॉकलेट मिळाले तेव्हा त्यांनी ते पुन्हा मागून घेतले, हे माझ्या मनात राहून गेले आहे. म्हणून या वेळी बाहेरून केक न आणता कॉफी-चॉकलेट मूस घरी करावे आणि प्रत्येकाला वेगळ्या वाटीत द्यावे, असे मी ठरवले आहे. आमच्याकडे अंडे चालत नाही, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून तयार होत असल्यामुळे तेही नको आहे.

आतापर्यंत मी दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले. पहिल्या वेळी २०० ग्रॅम डार्क चॉकलेट फ्रिजमधून काढले, चिरून थोडा वेळ ओट्यावर ठेवले आणि मग डबल बॉयलरवर वितळवले. ते चांगले चमकदार झाल्यावर दोन चमचे इन्स्टंट कॉफी एका मोठ्या चमचाभर गरम पाण्यात विरघळवून त्यात ओतली. पाहता पाहता सगळ्याचा ओल्या मातीसारखा रवाळ गोळा झाला. मी घाबरून ते आणखी तापवले, तर कडेने तूप सुटू लागले, आणि शेवटी ते सारे टाकून द्यावे लागले. दुसऱ्या वेळी पाणी नकोच म्हणून कॉफी कोरडीच घातली. चॉकलेट बिघडले नाही, पण कॉफीचे कण दाताखाली येत राहिले. शिवाय ‘फ्रेश क्रीम’ या नावाने मिळणारे पाकीट मी वीस मिनिटे इलेक्ट्रिक बीटरने फेटले तरी ते पातळच राहिले. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर जे तयार झाले ते चवीला उत्तम होते आणि मुलांनी ते पोळीला लावून संपवले, पण ते मूस नव्हते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कॉफी चॉकलेटमध्ये नेमकी कशी घालावी? क्रीम कोणते घ्यावे? आणि आमच्याकडे रोज दीड लिटर म्हशीचे दूध येते, त्याची साय भरपूर साठते, तर ती फेटून वापरता येईल का? माझ्याकडे थर्मामीटर नाही, स्वयंपाकघर पश्चिमेकडे आहे आणि फ्रिज मध्यम आकाराचा आहे.

भट्टीवाली (मुलुंड)

पार्लेवासी ताई, दोन्ही वेळी काय काय केले ते तुम्ही क्रमाने लिहिल्यामुळे चूक कुठे झाली हे स्पष्ट दिसते. मी गेली काही वर्षे घरून केक आणि पुडिंगच्या ऑर्डर घेते, आणि मुंबईच्या हवेत यांपैकी प्रत्येक गोष्ट माझ्या हातूनही झालेली आहे.

आधी शब्दाबद्दल थोडे लिहिते, कारण त्यातच कृतीचे मर्म आहे. आपल्याकडे मूस म्हटले की सोनाराची मूस आठवते. हा मात्र फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ फेस असा आहे. म्हणजे कशात तरी हवा कोंडायची, आणि ती निसटण्याआधी तिच्याभोवतीचे मिश्रण थंडीने घट्ट व्हायला हवे. तुमच्या मूसमध्ये हवा क्रीममध्ये कोंडली जाईल आणि घट्ट होण्याचे काम चॉकलेटातले कोको बटर करील. म्हणून जिलेटिनची गरजच पडत नाही. त्याऐवजी चायना ग्रास घालण्याचा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईल, पण तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चायना ग्रास उकळून विरघळवावे लागते, कोमट होता होताच ते धरू लागते, आणि मग जिभेवर विरघळण्याऐवजी तुटणारी वडी हाती येते.

आता पहिल्या फसगतीविषयी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक, कोरडे कण स्निग्ध पदार्थात तरंगत असतात. त्यात थोडेसेच पाणी पडले की ते साखरेच्या कणांना ओलावते, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. पिठीसाखरेत चार थेंब पाणी सांडले तर गुठळ्या होतात, पण वाटीभर पाणी ओतले तर सरबत होते. हे अगदी तसेच आहे. त्यामुळे चॉकलेटमध्ये पाणी अजिबात पडू देऊ नये, किंवा घालायचेच तर पुरेसे घालावे. १०० ग्रॅम चॉकलेटला किमान ३० मिलिलिटर द्रव असावा असे मी धरते आणि मूससाठी ५० मिलिलिटर घेते. तुमच्या २०० ग्रॅमला एक मोठा चमचा म्हणजे जेमतेम १५ मिलिलिटर पाणी मिळाले होते. तो गोळा टाकण्याची गरज नव्हती, हे पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते: आच बंद करून कडकडीत गरम कॉफी किंवा दूध एकेक चमचा घालत ढवळत राहिले असते, तर तो पुन्हा गुळगुळीत झाला असता.

दुसरे कारण तुमच्या लक्षात आले नसेल. मे महिन्यात आपल्याकडे हवेत इतकी वाफ असते की फ्रिजमधून काढलेल्या कोणत्याही वस्तूवर मिनिटाभरात दव धरते. चॉकलेट चिरून ओट्यावर ठेवले तेव्हा त्याच्या प्रत्येक तुकड्यावर पाणी बसले असणार. चॉकलेट फ्रिजमध्येच ठेवावे लागते हे मान्य आहे, पण ते हवाबंद डब्यात ठेवावे आणि डबा बाहेर काढल्यावर आतले चॉकलेट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. डबल बॉयलरच्या वाफेचेही तेच. खालच्या पातेल्यात दोन बोटे पाणी पुरते, ते वरच्या भांड्याला टेकता कामा नये, आणि ते उकळू लागले की गॅस बंद करावा. उरलेल्या वाफेवर चॉकलेट सहज वितळते. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणजे आपल्या दुपारच्या स्वयंपाकघराहून त्याला फार जास्त उष्णता लागत नाही.

क्रीमचा प्रश्न त्यातल्या स्निग्धांशाचा आहे. फेटताना स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे हवेच्या बुडबुड्यांभोवती गोळा होतात, एकमेकांना धरतात आणि जाळी तयार करतात. त्यासाठी ते पुरेसे असावे लागतात आणि गार, म्हणजे अर्धवट गोठलेले, असावे लागतात. पाकिटातले ‘फ्रेश क्रीम’ साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे असते. ते भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये उत्तम, पण फेटून उभे राहत नाही, मग बीटर कितीही चालवा. फेटण्यासाठी किमान ३० टक्के लागतात आणि ३५ असले तर काम फारच सोपे होते. पाकिटावर ‘व्हिपिंग क्रीम’ लिहिलेले आहे ना, आणि घटकांच्या यादीत दुधाचे क्रीम आहे की वनस्पती तेल, हे दोन्ही वाचून घ्यावे. वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम आधीच गोड असते, फेटल्यावर भरपूर फुगते आणि उकाड्यात टिकते, म्हणून केकवर ते सर्वत्र वापरले जाते. परंतु ते खाल्ल्यावर टाळूवर तेलकट थर राहतो आणि कॉफीचा सुगंध त्याखाली दबून जातो. सासऱ्यांना कडवटपणा आवडत असेल तर दुधाचेच घ्यावे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि दादरला बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. आणताना बर्फाची पिशवी सोबत न्यावी, कारण लोकलच्या गर्दीत तासभर तापलेले क्रीम पुन्हा गार केले तरी पूर्वीसारखे फेटले जाईलच असे नाही.

साय वापरू नये. दूध तापवताना वर धरणाऱ्या थरात स्निग्धांशाबरोबर वाळलेल्या प्रथिनांचे पापुद्रेही असतात. ती फेटली तर आधी गुठळ्या आणि मग लोणी, हे आपल्या सगळ्यांच्या घरी रवीखाली नेहमी घडते. तिचे तूपच चांगले.

चौदा वाट्यांसाठी माझे प्रमाण असे आहे. ५५ टक्क्यांच्या आसपास कोको असलेले ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १५० मिलिलिटर कडक गरम कॉफी, ४५० मिलिलिटर दुधाचे व्हिपिंग क्रीम, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. याचे सुमारे ९०० ग्रॅम मिश्रण होते, म्हणजे प्रत्येक लहान वाटीत साठ-पासष्ट ग्रॅम, आणि जेवणानंतर तेवढेच पुरते. चॉकलेट घेताना कंपाउंड घेऊ नये. मोठ्या लाद्यांमध्ये स्वस्त मिळते ते बहुधा कंपाउंड असते आणि त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. त्याचे मूस घट्ट होते, पण जिभेवर वितळत नाही.

कृती पहाटे करावी. तुमचे स्वयंपाकघर पश्चिमेचे आहे, तर सकाळी सात वाजेपर्यंत ते सर्वांत गार असणार. आदल्या रात्री स्टीलचे खोल पातेले आणि बीटरची पाती फ्रीझरमध्ये ठेवावीत. क्रीम मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नये, ते फ्रिजच्या सर्वांत गार कप्प्यात असावे. चॉकलेट बारीक चिरून वितळवावे, गरम कॉफी एकाच वेळी पूर्ण ओतावी, अर्धा मिनिट थांबावे आणि मधून कडेकडे ढवळत जावे. सुरुवातीला ते फाटल्यासारखे दिसते, घाबरू नये. थोड्याच वेळात ते आरशासारखे चमकू लागते. मग ते निवू द्यावे. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही: बाळाच्या दुधाचा थेंब आपण मनगटावर टाकून पाहतो तसा टाकावा, आणि तो ना गरम ना गार लागला की वेळ झाली. याहून गरम असताना क्रीम घातले तर क्रीम वितळते, आणि फार गार झाल्यावर घातले तर चॉकलेट जागच्या जागी गोठून बारीक कण होतात.

चॉकलेट निवत असताना पातेले बर्फाच्या पाण्यात बसवून क्रीम आणि साखर मध्यम वेगाने फेटावी. पाती उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून लगेच वाकले पाहिजे. तिथेच थांबावे. बहुतेक जण आणखी दोन मिनिटे चालवतात, आणि मग चॉकलेटमध्ये मिसळताना ते आणखी घट्ट होऊन मूस रवाळ लागते. या क्रीमचा एक तृतीयांश भाग आधी चॉकलेटमध्ये बिनदिक्कत ढवळून टाकावा, म्हणजे दोन्हींचा दाटपणा जवळ येतो. उरलेले दोन वेळा घालून तळापासून वर उचलत, भांडे फिरवत, अलगद एकजीव करावे. पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या की हात थांबवावा. वाट्यांमध्ये भरून किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवावे.

माटुंगेकर

वरची कृती उत्तम आहे. तिला कॉफीपुरती माझी पुस्ती जोडतो. ज्यांच्यासाठी हे मूस होत आहे ते कॉफीचे जाणकार असतील, तर इन्स्टंट कॉफीवर थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

कॉफी आणि कोको या दोन्हींच्या बिया भाजल्यावरच त्यांना आपण ओळखतो तो वास येतो, आणि भाजण्यातून तयार होणारी कित्येक सुगंधी द्रव्ये दोहोंत समान असतात. म्हणूनच थोडी कॉफी घातली तर चॉकलेट अधिक चॉकलेटसारखे लागते, आणि जास्त घातली तर कॉफी पुढे येते. तुम्हाला कॉफी पुढे यायला हवी आहे, म्हणजे द्रव वाढवून चालणार नाही. तेवढ्याच द्रवात अर्क जास्त हवा. आपला दक्षिणी फिल्टर हेच काम करतो.

माटुंग्याला समोर दळून देणाऱ्या दुकानांत आजही विचारतात की चिकोरी किती टक्के घालू. या कामासाठी ‘बिनचिकोरीची’ असे सांगावे. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी असते. दुधाच्या कॉफीला तिच्यामुळे रंग आणि दाटपणा येतो, हे खरे, आणि रोजची कॉफी मीही चिकोरी घालूनच पितो. पण चॉकलेटमध्ये कडवटपणा आणि दाटपणा आधीच भरपूर असतो, त्यात चिकोरीचा जळकट गोडवा मिसळला की कॉफीचा स्वतःचा सुगंध बुजतो. प्लँटेशन (म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका कॉफी) आणि पीबेरी अर्धी-अर्धी घेतली तर वास चांगला उतरतो. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते ती.

१५० मिलिलिटर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा कडक अर्क, हवे असेल तर ४० ग्रॅम पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात हलकेच दाबून बसवावी आणि तिच्यावर साधारण २३० मिलिलिटर उकळते पाणी दोनदा विभागून ओतावे. पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली दीडशेच्या आसपास उतरते. फक्त पहिलेच डिकॉक्शन वापरावे. ते उतरायला अर्धा तास लागतो आणि तोवर ते निवते, तेव्हा चॉकलेटवर ओतण्याआधी ते गरम करावे. उकळू मात्र देऊ नये.

ज्यांच्याकडे फिल्टर नाही त्यांनी चार ते साडेचार चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी १५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवावी. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते आधी पाहावे. लहान मुलांची काळजी वाटत असेल तर एवढ्या इन्स्टंट कॉफीतून चौदा वाट्या होतात, म्हणजे एका वाटीत अर्ध्या चमच्याहूनही कमी कॉफी येते. डिकॉक्शन अधिक कडक असते, त्यामुळे ते घातले तर लहानांच्या वाट्या अर्ध्याच भराव्यात आणि त्या रात्री न देता दुपारीच द्याव्यात.

दुधावरची साय

मी एक सोपा आणि आपल्या घरातला पर्याय सुचवते. क्रीमच्या मागे न धावता श्रीखंडाचा चक्का घ्यावा. २५० ग्रॅम ताज्या, आंबट नसलेल्या चक्क्यात १५० ग्रॅम वितळलेले कोमट चॉकलेट, चार चमचे पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे गरम दुधात विरघळवलेली दोन लहान चमचे कॉफी घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावे. चक्का फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेला असावा, नाहीतर चॉकलेट लागताच गोठते आणि कण राहतात. आमच्याकडे पाडव्याला मी हे केले होते आणि मोठ्या माणसांनाही आवडले.

भट्टीवाली (मुलुंड)

चक्क्याचा पदार्थ मीही करते आणि तो चांगला लागतो, पण त्याला मूस म्हणता येणार नाही, कारण त्यात हवा नाही. तो चॉकलेटचे श्रीखंड आहे आणि त्या नावानेच वाढावा. शिवाय दह्याचा आंबटपणा आणि कॉफीचा आंबटपणा एकत्र आले की चव थोडी तीक्ष्ण होते. चक्क्याबरोबर कॉफी निम्मी करावी असा माझा अनुभव आहे.

माटुंगेकरांचे डिकॉक्शनचे म्हणणे मला पटले. मी स्वतः इन्स्टंट वापरते, कारण ऑर्डरच्या कामात प्रत्येक वेळी तीच चव यावी लागते. घरच्या समारंभाला ती अडचण नाही.

पार्लेवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. फिल्टर सासूबाईंच्या कपाटातून निघाला आहे. आणखी एक अडचण काल समजली. दिराच्या मुलीला दुधातली साखर पचत नाही, म्हणून तिला दुधाचे क्रीम चालणार नाही. ती सोळा वर्षांची आहे आणि सगळे खात असताना तिच्यापुढे फळांची बशी ठेवणे मला बरे वाटत नाही. तिच्यासाठी दुधाशिवाय असे काही होईल का, की जे इतरांच्या वाटीसारखेच दिसेल आणि लागेल? आणि घरी फ्रिजमध्ये हापूसच्या दोन पेट्यांतले आंबे आहेत, त्यांचा वास मूसला लागेल का?

फेसाळ

दुधाशिवायचे मूस जमते, आणि तेही फक्त चॉकलेट आणि कॉफी एवढ्या दोनच जिनसांत. एर्वे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये ही रीत शोधली. तिच्यामागचा विचार असा: क्रीम म्हणजे तरी काय, पाण्यात विखुरलेला स्निग्धांश, मग चॉकलेटातला स्निग्धांश पाण्यात तसाच विखुरला तर तोही क्रीमसारखा फेटला गेला पाहिजे. आणि तो जातो. चॉकलेटमध्ये लेसिथिन असतेच, पाकिटावर ते इमल्सिफायर ३२२ असे लिहिलेले दिसते. पाणी आणि स्निग्धांश यांना एकत्र बांधून ठेवायला ते मदत करते.

पाण्याचे प्रमाण पाकिटावरून काढता येते. पोषणमूल्यांच्या कोष्टकात १०० ग्रॅममध्ये फॅट किती ते पाहावे आणि एकूण फॅटच्या साधारण दुप्पट वजनाची कॉफी घ्यावी. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटात १०० ग्रॅमला ४२ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणजे १०० ग्रॅम चॉकलेटला ८५ ते ९० मिलिलिटर कॉफी. ५५ टक्क्यांच्या चॉकलेटला ती कमी लागते. दोघे मिळून गरम करून गुळगुळीत करावे, पातेले भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात बसवावे आणि फेटत राहावे. दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही, पातळ काळी कॉफी फेटतो आहोत असेच वाटते. मग रंग फिका होऊ लागतो, पात्यांच्या रेषा उमटतात, आणि त्यानंतरच्या काही क्षणांतच थांबावे लागते. इथे सर्वांची चूक होते, कारण बर्फावर कोको बटर झपाट्याने गोठते आणि दहा सेकंद उशीर झाला तर मूस रवाळ होते. तसे झाले तर ते पुन्हा वितळवून पुन्हा फेटावे. काहीही वाया जात नाही. पातळच राहिले तर वितळवून थोडे चॉकलेट वाढवावे. मी एवढ्याशा प्रमाणाला बीटर न वापरता हाताने व्हिस्क चालवतो, म्हणजे नेमके कुठे थांबावे हे मनगटाला कळते.

दुसरा मार्ग काबुली चण्यांच्या पाण्याचा. पुरणाचा कट आपण आमटीसाठी काढतो, तसे मीठ न घालता शिजवलेल्या चण्यांचे पाणी काढून आटवावे. अंड्याच्या पांढऱ्या भागाइतके ते चिकट झाले पाहिजे. गार करून लिंबाचे चार थेंब घालून सात-आठ मिनिटे फेटले की त्याचा पांढराशुभ्र फेस होतो. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने हे लोकांसमोर मांडले, आणि पुढच्या वर्षी त्या पाण्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव मिळाले. भांड्याला तुपातेलाचा अंशही असू नये, म्हणून आधी लिंबाने पुसून घ्यावे. चॉकलेट मिसळताना हा फेस बराच बसतो, पण मूस हलके होते. एकाच वाटीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा पहिली रीत बरी, असे मला वाटते. शिवाय तिची चव सर्वांत स्वच्छ असते, कॉफी आणि कोको यांच्यामध्ये काहीच येत नाही. मुलीच्या वाटीसाठी चॉकलेट घेताना मात्र घटकांमध्ये दुधाची भुकटी नाही याची खात्री करावी. पुष्कळ डार्क चॉकलेटांत ती असते.

आंब्याचा वास निश्चित लागतो. स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात, आणि हापूस तर बंद खोलीतही लपत नाही. पिकलेले आंबे त्या दिवशी फ्रिजबाहेर ठेवावेत. लसणाची चटणी आणि चिरलेला कांदा यांचीही तीच गोष्ट.

माटुंगेकर

झाकणाच्या वाट्या असतील तर उत्तम. स्टीलच्या वाट्या काचेपेक्षा लवकर गार होतात आणि फ्रिजमध्ये रचताही येतात.

पार्लेवासी

काल पहाटे सहा वाजता रंगीत तालीम केली. १०० ग्रॅम चॉकलेट, ५० मिलिलिटर डिकॉक्शन आणि १५० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम घेतले, त्याच्या पाच लहान वाट्या झाल्या. क्रीम बर्फावर चार मिनिटांत उभे राहिले. मागच्या वेळी वीस मिनिटे बीटर धरून दुखलेला हात मला आठवला. मनगटावरची परीक्षा उपयोगी पडली. दोन वाट्यांवर मी भरल्या भरल्या झाकण घातले होते, त्यांच्यावर पाण्याचे थेंब जमून पृष्ठभागावर खळगे पडले. उरलेल्या तीन वाट्या आधी अर्धा तास उघड्याच फ्रिजमध्ये ठेवून मग झाकल्या, त्या मखमलीसारख्या राहिल्या. तेव्हा त्या दिवशी असेच करीन.

दुधाशिवायचे मूस पहिल्या वेळी रवाळ झाले, पुन्हा वितळवून हाताने फेटले तेव्हा जमले. ते जिभेवर क्रीमच्या मूसपेक्षा थोडे जड लागते, पण कॉफीचा वास त्यात अधिक आहे. सासरे सकाळी उठून आले आणि आज फिल्टर कसा काय बाहेर निघाला, असे त्यांनी विचारले. मी त्यांना कॉफीच करून दिली आणि बाकी काही सांगितले नाही. त्यांच्यासाठीही हेच दुधाशिवायचे मूस करावे असे आता वाटू लागले आहे. म्हणून बारा वाट्या क्रीमच्या आणि दोन याच्या, असे ठरवले आहे. त्या दोन वाट्या चुकून बदलू नयेत म्हणून त्यांच्यावर बदामाचा एकेक काप लावणार आहे.